पावसाळ्यातला न्यूमोनिया क्षयासारखा दिसतो तेव्हा: मेलिऑइडोसिस ओळखायचा कसा

जुलैचा दुसरा आठवडा. बावन्न वर्षांचे एक काका लावणी अर्धी टाकून रुग्णालयात आले होते. चार दिवसांचा ताप, उजव्या बाजूला छातीत कळ, आणि बोलता बोलता वाक्याच्या मधेच दम घ्यायला थांबत होते. नखांच्या कडांत खाचराचा चिखल तसाच होता. साखर आठ वर्षांपासून, गोळ्या मात्र आठवतील तशा. छातीच्या फोटोत उजवीकडे वरच्या भागात पांढरा डाग. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक्स सुरू झाली, केसपेपरवर 'क्षय?' असं लिहिलं गेलं आणि बेडक्याचं कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून पाहायची तपासणी) लॅबमध्ये माझ्या टेबलावर आलं.

दुसऱ्या दिवशी ब्लड अगारच्या (जंतू वाढवायच्या रक्तमिश्रित माध्यमाच्या) बशीवर तोंडातल्या नेहमीच्या जंतूंच्या गर्दीत काही बारीक, मळकट पांढऱ्या वसाहती, म्हणजे जंतूंचे ठिपके, होत्या. ऑक्सिडेज (जंतू ओळखायची रंगाची चाचणी) पॉझिटिव्ह. मी रिपोर्टवर लिहिलं, 'स्यूडोमोनास प्रजाती, बहुधा बाहेरून मिसळलेला', आणि सही केली. चौथ्या दिवशी रक्ताच्या बाटलीत तोच जंतू वाढला. तोवर काका व्हेंटिलेटरवर होते. सहाव्या दिवशी ते गेले.

तो रिपोर्ट माझ्या हातचा होता, म्हणून हा लेख लिहितो आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर, इंटर्न, लॅबमधले तंत्रज्ञ यांच्यासाठी तर आहेच, पण घरात मधुमेह असलेलं आणि पावसात शेतात राबणारं माणूस असेल त्यांनीही वाचावा. सांगायचं मुख्य एकच आहे: मेलिऑइडोसिसचा जंतू लॅबमध्ये अगदी सहज वाढतो, पण त्याची शंका आली आहे हे कुणी सांगितलं नाही तर डोळ्यांसमोर असूनही ओळखला जात नाही.

कोण हा जंतू

नाव बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलाय. ग्रॅम निगेटिव्ह (ग्रॅमच्या रंगात गुलाबी दिसणारा) दंडगोल, वस्ती ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात. १९११ मध्ये रंगूनमध्ये कॅप्टन आल्फ्रेड व्हिटमोर आणि त्यांचे सहकारी सी. एस. कृष्णस्वामी यांना शवविच्छेदनात एक विचित्र न्यूमोनिया दिसू लागला. रुग्ण हलाखीत जगणारे, बरेचसे मॉर्फिनच्या आहारी गेलेले. घोड्यांच्या ग्लँडर्स या रोगासारखी गळवं फुफ्फुसात होती, पण जंतू निराळा निघाला. पुढच्याच वर्षी 'इंडियन मेडिकल गॅझेट'मध्ये त्यांनी तो मांडला. मेलिऑइडोसिस हे नाव १९२१ चं, मलायात काम करणाऱ्या स्टँटन आणि फ्लेचर यांनी दिलेलं.

आपल्याकडे हा आजार परदेशी समजला जात होता. १९९१ मध्ये मुंबईतल्या एका लहान मुलात तो सापडल्याची नोंद झाली. पुढे उडुपी, दक्षिण कन्नड, केरळ, तमिळनाडू आणि गोवा इथूनही रुग्ण नोंदले गेले. उडुपीच्या खाचरात जो पाऊस, जी जांभ्याची माती आणि जी भातशेती आहे तीच सिंधुदुर्ग-रत्नागिरीत आहे. जंतू राज्याची सीमा बघत नाही. फरक असेल तर तो शोधण्याच्या सवयीचा. २०१६ च्या एका अभ्यासाने जगभरात वर्षाला सुमारे १,६५,००० रुग्ण आणि ८९,००० मृत्यू असा अंदाज काढला, आणि त्यातला मोठा वाटा दक्षिण आशियाचा धरला. यातले बहुतेक रुग्ण कुठल्याच नोंदवहीत नसतात.

हा जंतू पाण्यात किती चिवट आहे याचं एक उदाहरण २०२१ चं. अमेरिकेत चार वेगवेगळ्या राज्यांतले चार जण आजारी पडले. परदेशी कुणीच गेलं नव्हतं. दोघे दगावले, त्यात एक मूल होतं. शोध घेता घेता घरात शिंपडायच्या सुवासिक स्प्रेच्या बाटलीत तोच जंतू सापडला. स्प्रे भारतात बनलेला होता.

फुफ्फुसात काय होतं

ही बाजू समजली की पुढच्या सगळ्या पायऱ्या आपोआप समजतात, म्हणून इथे थोडा वेळ द्या.

नेहमीचा न्यूमोकॉकसचा न्यूमोनिया आठवा. फुफ्फुसाचा एक खंड पाण्याने, रक्तपेशींनी आणि फायब्रिनने (रक्त गोठवणाऱ्या धाग्यांनी) भरतो, कापून पाहिला तर कलेजीसारखा घट्ट लागतो. पण हवेच्या पिशव्यांच्या भिंती बहुतेक शाबूत असतात. खोलीत चिखल भरला, भिंती उभ्या आहेत, अशी ती अवस्था. चिखल साफ झाला की खोली पूर्ववत.

मेलिऑइडोसिसमध्ये भिंतीच पडतात. गंभीर रुग्णाचं फुफ्फुस शवविच्छेदनात हातात घेतलं तर जड लागतं, आणि कापलेल्या भागावर पिवळसर ठिपके दिसतात, काही ज्वारीच्या दाण्याएवढे, काही एकमेकांत मिसळून मोठे झालेले. प्रत्येक ठिपका म्हणजे एक गळू. सूक्ष्मदर्शकाखाली न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचे थवे, त्यांच्या फुटलेल्या केंद्रकांची धूळ आणि मधोमध मेलेली ऊती. पिशव्यांची रचना ओळखू येत नाही. आजार आठवडे-महिने रेंगाळला तर चित्र बदलतं. मधे कुजलेला भाग, भोवती एपिथेलिऑइड पेशी आणि अनेक केंद्रकांच्या राक्षसी पेशी जमतात. हा ग्रॅन्युलोमा (अशी पेशींची गाठ) क्षयाच्या ग्रॅन्युलोमापासून नुसत्या नजरेने वेगळा करता येत नाही. बायोप्सीत 'केसिएटिंग ग्रॅन्युलोमा' (मधे कुजलेली गाठ) आला म्हणून क्षय ठरला असं मानणं म्हणूनच धोक्याचं आहे. त्या बायोप्सीचा तुकडा फॉर्मलिनमध्ये बुडवण्याआधी त्यातला थोडा सलाईनमध्ये, कल्चरसाठी, वेगळा काढायला हवा.

एवढी नासधूस होते कशी? पांढरी पेशी जंतूला गिळते, पण तो तिच्या पोटातल्या पिशवीत मरत नाही. पिशवी फोडून तो पेशीच्या द्रवात येतो आणि तिथे वाढतो. मग पेशीच्याच अ‍ॅक्टिन धाग्यांचं शेपूट करून स्वतःला पुढे ढकलतो आणि शेजारच्या पेशीत घुसतो. त्यापुढची करामत म्हणजे तो शेजारच्या पेशी एकमेकींना जोडून टाकतो. राक्षसी पेशी तयार होण्यात त्याचा असा थेट हात असतो. या साऱ्या प्रवासात तो पेशींच्या बाहेर फारसा येतच नाही, त्यामुळे रक्तातल्या प्रतिपिंडांचा उपयोग मर्यादित राहतो. मधुमेहात न्यूट्रोफिल पेशींची धाव आणि मारण्याची ताकद दोन्ही मंदावतात. म्हणून साखरेचा रुग्ण या जंतूला सर्वांत सोपा सापडतो.

फुफ्फुसात यायचे रस्ते मुख्यतः दोन. एक, हवेतून: वादळी पावसात उडालेले तुषार श्वासात जातात, किंवा बुडताना चिखलाचं पाणी छातीत जातं. दुसरा, पायाच्या भेगेतून किंवा हाताच्या जखमेतून रक्तात आणि रक्तातून फुफ्फुसात. दूषित पाणी पिण्यातूनही लागण होते. पहिल्या रस्त्याने आला तर बहुधा एक खंड धरतो. दुसऱ्याने आला तर दोन्ही फुफ्फुसांत गोळ्यांसारखे ठिपके विखुरतात, आणि तेव्हा यकृत, प्लीहा, प्रोस्टेट यांतही गळवं शोधायची असतात.

पायरी पहिली: चार प्रश्न

न्यूमोनियाच्या प्रत्येक रुग्णाला पावसाळ्यात हे विचारा, दोन मिनिटंही लागत नाहीत.

साखर आहे का? नुसतं विचारू नका, बोटातून तपासा. कित्येकांना आपली साखर याच आजारात पहिल्यांदा कळते. रोज दारू, मूत्रपिंडाचा जुना आजार, थॅलेसेमिया, फुफ्फुसाचा जुना विकार, सांधेदुखीसाठी किंवा कुणीतरी दिलेल्या पुड्यांतून चालू असलेली स्टिरॉइड हेही विचारा. साधारण पाचांपैकी चार रुग्णांत यातलं काहीतरी सापडतं.

गेल्या तीन आठवड्यांत चिखलात, पुराच्या पाण्यात उतरलात का? बहुतेकांत लागण आणि लक्षणं यांत १ ते २१ दिवस जातात. 'शेती करता का' असं विचारलं की निवृत्त शिक्षक 'नाही' म्हणतात, आणि रविवारी भावाच्या लावणीला गुडघाभर चिखलात उभे असतात. म्हणून प्रश्न चिखलाचा विचारा, धंद्याचा नको. गवंडी, विहीर साफ करणारे, पुरात घर धुऊन काढणाऱ्या बायका या सगळ्यांचा त्यात समावेश होतो.

अंगावर कुठे गळू, न भरणारी जखम, सुजलेला सांधा? पुरुषांना लघवीचा त्रास? न्यूमोनियाबरोबर लघवी अडली असेल तर प्रोस्टेटमधलं गळू डोक्यात यायला हवं.

पूर्वी 'थुंकी निगेटिव्ह' (थुंकीत जंतू न सापडता ठरवलेल्या) क्षयाची औषधं घेतली होती का, आणि त्याने बरं वाटलं होतं का? या चौथ्या प्रश्नाच्या उत्तराने मी स्वतः तीन-चार निदानं बदललेली पाहिली आहेत.

पायरी दुसरी: किती वेळ हातात आहे

श्वास पूर्ण एक मिनिट मोजा, घड्याळ हातात धरून. तीस किंवा जास्त असेल तर रुग्ण गंभीर आहे. वरचा रक्तदाब ९० च्या खाली, बोलण्यात गोंधळ, ऑक्सिजन ९० च्या आसपास, लघवी कमी, यातलं काहीही असेल तर मोठ्या रुग्णालयाची वाट धरा. कर्ब-६५ हा नेहमीचा गुणांक जरूर काढा: गोंधळ, युरिया, श्वास, रक्तदाब आणि पासष्टीचं वय. पण इथे कमी गुण आले म्हणून निर्धास्त होऊ नका. पन्नाशीतला, शुद्धीत असलेला, चालत आलेला रुग्ण रात्रीत शॉकमध्ये जातो. ऑस्ट्रेलियात डार्विनला १९८९ पासून या आजाराची सलग नोंद ठेवली आहे. तिथे निम्म्याहून अधिक रुग्णांत न्यूमोनिया हाच मुख्य आजार होता, आणि निम्म्याहून अधिकांच्या रक्तात जंतू होता.

पायरी तिसरी: नमुने, आणि अँटिबायोटिक त्यानंतर

इथे घाई आणि शिस्त दोन्ही लागतात. शॉकमधल्या रुग्णाचं औषध तासाभरात सुरू झालंच पाहिजे. पण रक्त काढायला पाच मिनिटं लागतात, ती नेहमीच मिळतात.

रक्त दोन वेगळ्या जागांहून काढा, मोठ्या माणसाला प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली. कमी रक्त टाकणं ही आपल्याकडची सर्वांत मोठी चूक आहे. दोन मिलीत जंतू सापडला नाही याचा अर्थ तो नव्हता असा होत नाही.

बेडका सकाळचा, तोंड पाण्याने धुऊन, खोल खोकून. लाळ नको. सूक्ष्मदर्शकाच्या कमी भिंगाखाली एका क्षेत्रात २५ हून जास्त पू-पेशी आणि १० हून कमी तोंडाच्या पेशी दिसल्या तर नमुना चांगला. एरवी लाळेचा नमुना लॅब परत पाठवते. मेलिऑइडोसिसची शंका असेल तर परत पाठवू नका, निवडक माध्यमावर (इतर जंतूंना दाबणाऱ्या) लावाच. रुग्णाला बेडका येत नसेल तर घशाचा स्वॅब घ्या. लहान मुलांत तर तोच मुख्य आधार.

लघवी, तिचं सेंट्रिफ्यूज केलेलं गाळ-कल्चर. लघवीचा काही त्रास नसला तरी घ्या. गुदद्वाराचा स्वॅब. गळू असेल तर पू. छातीत पाणी असेल तर तेही.

'न्यूमोनियाच्या रुग्णाची लघवी कशाला?' असं नर्स विचारतील. उत्तर असं: एकदा केलेल्या कल्चरची पकड या आजारात सुमारे ६० टक्केच आहे, म्हणजे दहांतले चार खरे रुग्ण निसटतात. जितक्या जागी जाळं टाकाल तितकं बरं. आणि जंतू कुठेही सापडला, अगदी घशात एकच वसाहत आली, तरी तो रोगच आहे. निरोगी माणसाच्या घशात हा पाहुणा म्हणून राहत नाही.

आता या पायरीतलं सर्वांत महत्त्वाचं. लॅबच्या फॉर्मवर 'न्यूमोनिया, कल्चर' एवढंच लिहू नका. लिहा: 'मधुमेह, भातलावणी, मेलिऑइडोसिसची शंका.' शक्य असेल तर फोन करा. या चार शब्दांनी लॅबमधलं माध्यम बदलतं, बशी किती दिवस ठेवायची ते बदलतं, आणि तंत्रज्ञ ती उघड्यावर हाताळायचं थांबतात. काकांच्या फॉर्मवर ते शब्द नव्हते. मीही फोन करून विचारलं नव्हतं.

पायरी चौथी: फोटो आणि सोनोग्राफी

छातीच्या फोटोत 'हाच' असं सांगणारी खूण नाही. एका खंडातला दाट डाग, बऱ्याचदा वरच्या खंडात. किंवा दोन्हीकडे विखुरलेले गोळे, जे दोन-तीन दिवसांत एकमेकांत मिसळतात आणि त्यांत पोकळी पडते. हा वेग लक्षात ठेवा. क्षयाची पोकळी सहसा आठवड्यांच्या हिशोबाने वाढते, ही दिवसांच्या. जुनाट प्रकारात वरच्या खंडात पोकळ्या आणि चट्टे दिसतात, फोटो क्षयाचाच वाटतो, पण फुफ्फुसाचं अगदी टोक बऱ्याचदा वाचलेलं असतं.

पोटाची सोनोग्राफी प्रत्येक रुग्णाची करा, पोट दुखत नसलं तरी. प्लीहेतली बारीक बारीक गळवं आणि यकृतातलं मधाच्या पोळ्यासारखं दिसणारं गळू पाहिल्यावर क्षयाची बाजू एकदम लंगडी पडते. मोठ्या पुरुषांत प्रोस्टेटसाठी सीटी स्कॅन चांगला.

पायरी पाचवी: लॅबमध्ये

तंत्रज्ञ मित्रमैत्रिणींनो, हा भाग तुमचा.

सुरक्षितता आधी. शंका असलेली बशी उघड्या टेबलावर हाताळायची नाही. दुसऱ्या वर्गाच्या जैवसुरक्षा कॅबिनेटमध्येच उघडायची, आणि झाकणाला टेप लावून ठेवायची. या वसाहतींना ओल्या मातीचा वास येतो असं पुस्तकात वाचलं असेल, तो घ्यायला बशी नाकाशी नेऊ नका. कुणाकडून चुकून संपर्क झालाच तर लपवू नका. वरिष्ठांना त्याच दिवशी सांगा, कारण २१ दिवस को-ट्रायमॉक्साझोल हे अँटिबायोटिक देऊन आजार टाळता येतो.

ग्रॅमच्या रंगात लहान, बारीक गुलाबी दंडगोल दिसतात. टोकांना रंग, मधे फिकट, म्हणून सेफ्टी पिनसारखे. ही खूण दिसली तर शंका वाढवा, नाही दिसली तर कमी करू नका. इतर जंतूही तसे दिसतात आणि हा कधी कधी तसा दिसत नाही.

माध्यम: ब्लड अगार, मॅकॉन्की, आणि शक्य असेल तर अ‍ॅशडाउन. शेवटचं १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या लेस्ली अ‍ॅशडाउन यांनी बनवलं. त्यात जेंटामायसिन असतं, त्यामुळे घशातले इतर जंतू दबतात आणि हा एकटा वर येतो. बेडक्यासारख्या गर्दीच्या नमुन्यात त्याची खरी किंमत कळते.

आता माझी चूक नेमकी कुठे झाली ते पाहा. पहिल्या २४ तासांत वसाहत टाचणीच्या टोकाएवढी, गुळगुळीत, मळकट पांढरी असते. तिच्याकडे पाहून काहीच वाटत नाही. ४८ तासांनी तिच्यावर धातूची झाक येते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती कोरडी पडते आणि सुरकुतते, अ‍ॅशडाउनवर जांभळी होते, वाळलेल्या फुलासारखी. आपण बशी दुसऱ्या दिवशी वाचतो, रिपोर्ट देतो आणि टाकून देतो. ओळख पटते ती त्यानंतरच्या दोन दिवसांत. म्हणून शंका असलेल्या बशा किमान पाच दिवस, जमल्यास आठवडाभर ठेवा.

ऑक्सिडेज पॉझिटिव्ह, लॅक्टोज न आंबवणारा ग्रॅम निगेटिव्ह दंडगोल आला की नुसतं 'स्यूडोमोनास प्रजाती' लिहून थांबू नका. तीन डिस्क (औषध भिजवलेल्या कागदाच्या चकत्या) लावा: जेंटामायसिन, कोलिस्टिन किंवा पॉलिमिक्सिन बी, आणि को-अमॉक्सिक्लॅव्ह. पहिल्या दोन्हींना दाद न देणारा पण को-अमॉक्सिक्लॅव्हला मरणारा जंतू म्हणजे मेलिऑइडोसिस, उलट सिद्ध होईपर्यंत. स्यूडोमोनास एरुजिनोसाचं चित्र बहुधा याच्या उलटं असतं: को-अमॉक्सिक्लॅव्हला तो जुमानत नाही आणि पॉलिमिक्सिनला सहसा मरतो. या तीन डिस्क तालुक्याच्या लॅबमध्येही असतात. त्यासाठी कुठलं यंत्र लागत नाही. मलेशियातल्या सारावाकमध्ये जेंटामायसिनला मरणारे काही प्रकार सापडले आहेत, तेवढा अपवाद.

यंत्र असेल तरी डोळे मिटून विश्वास नको. स्वयंचलित ओळख-यंत्रं याला कधी कधी बर्कहोल्डेरिया सेपेशिया (याच कुळातला दुसरा जंतू) म्हणतात. माल्डी-टॉफमध्येही (जंतूच्या प्रथिनांवरून नाव सांगणाऱ्या यंत्रात) त्याच्या माहितीसंग्रहात हा जंतू नसला तर तो जवळच्या भावंडाचं नाव सांगतो. मधुमेही शेतकऱ्याच्या रक्तात 'सेपेशिया' आला तर रिपोर्ट अडवा. लेटेक्स अ‍ॅग्लुटिनेशन (गुठळ्या होतात का ते पाहायची चाचणी) किंवा पट्टीवरची अँटिजेन चाचणी वसाहतीवर करता येते आणि मिनिटांत उत्तर देते. पक्कं शिक्कामोर्तब टाइप ३ स्राव-प्रणालीच्या जनुकावरच्या पीसीआरने. त्यासाठी जंतू संदर्भ प्रयोगशाळेत पाठवावा लागतो, पण उपचार तोवर थांबवायचा नाही.

रक्तातल्या प्रतिपिंडांची चाचणी निदानासाठी वापरू नका. जिथे हा जंतू मातीतच आहे तिथे निरोगी माणसांतही ती पॉझिटिव्ह येते, आणि गंभीर रुग्णांत पहिल्या दिवसांत निगेटिव्ह.

रिपोर्ट टाइप होईपर्यंत वाट पाहू नका. शंका पक्की झाली की वॉर्डात फोन करा, कुणाशी बोललात त्यांचं नाव आणि वेळ वहीत लिहा.

क्षय की मेलिऑइडोसिस

दोन्ही असू शकतात, एकाच माणसात. म्हणून झील-नेल्सन रंग (क्षयाचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दाखवणारा) आणि सीबीनॅट किंवा ट्रूनॅट (क्षयाच्या जनुकीय चाचण्या) केल्याशिवाय क्षय नाकारू नका, आणि तो निगेटिव्ह असताना, कल्चर लावल्याशिवाय, नुसत्या फोटोवर क्षयाचा कोर्स सुरू करू नका. क्षयाच्या नेहमीच्या चार औषधांनी या जंतूचं काहीही वाकडं होत नाही. सहा महिने गोळ्या घेऊनही ताप येत राहिलेला रुग्ण 'औषधाला दाद न देणारा क्षय' म्हणून पुढे ढकलला जातो, आणि दरम्यान प्लीहेत गळवं वाढत असतात. अशा रुग्णाला पुढच्या क्षयकेंद्रात पाठवण्याआधी एक साधं जंतुकल्चर लावायला काहीच खर्च येत नाही.

निदान झालं, आता औषध

न्यूमोनियासाठी आपण सर्रास देतो त्यांतली बरीच औषधं इथे कुचकामी आहेत. अ‍ॅम्पिसिलिन, जेंटामायसिन, अ‍ॅमिकॅसिन, अ‍ॅझिथ्रोमायसिन यांना हा जंतू जन्मतःच दाद देत नाही. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन प्रयोगशाळेत थोडंफार काम करतं असं दिसतं, पण त्यावर ठेवलेले रुग्ण जास्त दगावले. लागतं ते सेफ्टाझिडीम, २ ग्रॅम दर ६ ते ८ तासांनी, किंवा शॉकमध्ये मेरोपेनेम, १ ग्रॅम दर ८ तासांनी, मूत्रपिंडाच्या स्थितीप्रमाणे बदलून. १९८९ मध्ये थायलंडच्या उबोन रत्चथानी इथल्या अभ्यासात गंभीर रुग्णांमधले मृत्यू सेफ्टाझिडीममुळे ७४ टक्क्यांवरून ३७ वर आले. शंका पुरेशी घट्ट असेल तर कल्चरची वाट न पाहता हेच सुरू करा. शिरेतून किमान दोन आठवडे, खोल गळवं असतील तर चार किंवा जास्त. मोठं गळू असेल तर ते काढून टाकावं लागतं. प्रोस्टेटचं तर हमखास.

इथे घरच्यांना आधीच सांगून ठेवा: योग्य औषध सुरू झाल्यावरही ताप उतरायला सरासरी नऊ दिवस लागतात. जंतू पेशींच्या आत बसलेला आहे. पाचव्या दिवशी ताप आहे म्हणून औषध बदलू नका. रुग्ण खालावत असेल, रक्तात आठवड्याने पुन्हा जंतू वाढला, तर नवं गळू शोधा.

त्यानंतर गोळ्या, को-ट्रायमॉक्साझोल, किमान तीन महिने, कधी सहा. साठ किलोवरच्या माणसाला ३२०/१६०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ४० ते ६० किलोला २४०/१२००. नेहमीच्या डोसच्या जवळपास दुप्पट, त्यामुळे औषध दुकानदार 'डॉक्टरांनी चुकून लिहिलं' म्हणून कमी देतात असं मी पाहिलं आहे. चिठ्ठीवर आजाराचं नाव आणि 'डोस बरोबर आहे' असं लिहा. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि रक्तपेशी तपासा, अंगावर पुरळ आलं तर लगेच कळवायला सांगा. लॅबने डिस्कवर को-ट्रायमॉक्साझोलला प्रतिकार दाखवला तर औषध सोडण्याआधी ई-टेस्टने (औषधाचं किती प्रमाण जंतूला थांबवतं ते मोजणाऱ्या पट्टीने) खात्री करून घ्या. या डिस्कची कड धूसर असते, वाचताना फसगत होते.

दुसऱ्या महिन्यात रुग्णाला बरं वाटतं, भूक लागते, वजन वाढतं, आणि गोळ्या बंद होतात. आजार उलटण्याचं सर्वांत मोठं कारण हेच. म्हणून दर महिन्याला फोन करून गोळ्या किती उरल्या ते मोजायला सांगतो. डिस्चार्ज कार्डावर पहिल्या ओळीत मोठ्या अक्षरात लिहितो: 'मेलिऑइडोसिस झालेला आहे. ताप आल्यास आधी रक्ताचं कल्चर, मग औषध.' आणि त्याखाली: गमबूट, जखम असेल तर चिखलात उतरायचं नाही, पाणी उकळून, साखरेची गोळी रोज.